प्रश्न तुमचे, पाना आमचा : कूलंट कोणतं, पाणी कोणतं?

एप्रिल उजाडला की मोटरसायकल तापण्याच्या तक्रारी सुरू होतात. या वेळची बहुतेक पत्रं एकाच कामाभोवती फिरत होती : कूलिंग सिस्टीम धुऊन नवं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, भरणं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत.

प्रश्न : माझी २०० सीसीची लिक्विड-कूल्ड गाडी तीन वर्षांची झाली. शोरूममधून आली तेव्हा बाटलीत निळसर कूलंट होतं. आता गॅरेजवाले म्हणतात, 'इंजिन फ्लश करतो आणि हिरवं टाकतो, हिरवंच चांगलं.' दुकानात तर हिरवं, लाल, गुलाबी, सगळंच आहे. कोणतं घेऊ? (सिडको)

गॅरेजमध्ये 'इंजिन फ्लश' म्हटलं की त्याचे दोन अर्थ निघतात. ऑइल बदलण्याआधी जुन्या ऑइलमध्ये फ्लशिंगचं औषध टाकून इंजिन काही मिनिटं चालवतात, तो एक. रेडिएटर आणि सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटा धुऊन काढतात, तो दुसरा. ऑइलची वाट आणि कूलंटची वाट इंजिनात कुठेही एकत्र येत नाहीत; आल्या तर हेड गॅसकेट (सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) किंवा वॉटर पंपाचं सील गेलं असं समजायचं. तुम्हाला दुसरं काम हवं आहे. तेव्हा 'कूलंट फ्लश' असंच सांगा आणि बिलावरही तसंच लिहून घ्या. ऑइल फ्लशचे पैसे आपोआप वाचतील.

आता रंगाचं. कूलंटचा रंग हा कंपनीने घातलेला डाय आहे, आणि कोणत्या प्रकाराला कोणता रंग द्यायचा याचा कोणताही नियम सगळ्या कंपन्यांना लागू नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं असतं, दुसरीचं हिरवं अगदी नव्या पद्धतीचं. गळती कुठून होते आहे ते दिसावं आणि कोणी ते पाणी समजून वापरू नये, एवढाच रंगाचा खरा उपयोग. निळ्यात निळं आणि लालमध्ये लाल घालून निर्धास्त राहणारे म्हणूनच फसतात.

जवळजवळ सगळ्या कूलंटचा पाया एकच, एथिलीन ग्लायकॉल. फरक असतो तो गंजरोधक रसायनांत. जुन्या पद्धतीच्या आयएटी कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी अकार्बनी रसायनं असतात. ती धातूवर पटकन थर धरतात, पण लवकर संपतात. दोन वर्षं हे त्यांचं सर्वसाधारण आयुष्य. ओएटी कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लं असतात. ती फक्त जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतात, म्हणून जास्त टिकतात. पाच वर्षांचा दावा यांच्या डब्यावर दिसतो. दोन्हींचं मिश्रण म्हणजे हायब्रिड. युरोपीय कंपन्यांच्या हायब्रिडमध्ये थोडं सिलिकेट असतं, तर जपानी कंपन्या सिलिकेट टाळून फॉस्फेट वापरतात.

मोटरसायकलच्या बाबतीत सिलिकेटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वॉटर पंपात एक छोटं मेकॅनिकल सील असतं, त्याचे दोन गुळगुळीत चेहरे एकमेकांवर घासत फिरतात. सिलिकेट जुनं झालं की जेलसारखं होतं किंवा त्याचे कण सुटतात. ते या चेहऱ्यांमध्ये शिरले की सील झिजतं आणि पंप ठिबकू लागतो. शिवाय बाइकच्या रेडिएटरच्या नळ्या कारपेक्षा बारीक. म्हणून कंपनीच्या पुस्तकात दुसरं काही सांगितलं नसेल तर सिलिकेट नसलेलं, अ‍ॅल्युमिनियम इंजिनासाठी चालणारं, एथिलीन ग्लायकॉलचं ओएटी किंवा फॉस्फेट-हायब्रिड कूलंट घ्या. डब्याच्या मागे आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी एखादं मानक लिहिलेलं असावं. आणि मॅन्युअलमध्ये विशिष्ट प्रकार दिला असेल तर वाद घालत बसू नका, तोच घ्या.

नुसत्या 'कूलंट' नावाने विकल्या जाणाऱ्या, मागे काहीच न लिहिलेल्या स्वस्त बाटल्या घेऊ नका. त्यात ग्लायकॉल किती आणि रंगीत पाणी किती, हे बाहेरून कळत नाही. शंका असेल तर घरच्या डिजिटल काट्यावर एक तपासणी होते. औषधाच्या सिरिंजने किंवा मापाने अचूक १०० मिली घ्या आणि वजन करा. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असेल तर ते १०७ ग्रॅमच्या आसपास भरतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, १११ ते ११३ ग्रॅम भरतं. १०१-१०२ ग्रॅम दाखवलं तर पैसे रंगाचे गेले. यातून गंजरोधकांची प्रत कळत नाही, हे लक्षात असू द्या. आणि ते माप पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

प्रश्न : द्राक्षबागेसाठी ट्रॅक्टर आहे. त्याच्या कूलंटचा २० लिटरचा ड्रम घरात पडून आहे. मुलाच्या बाइकमध्ये तेच टाकलं तर? (निफाड)

टाकू नका, निदान ड्रमवरचं लेबल वाचल्याशिवाय. मोठ्या डिझेल इंजिनात सिलिंडरचे बिडाचे लायनर थेट कूलंटमध्ये उभे असतात. ते थरथरतात, त्यांच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे फुटतात आणि लायनरला खड्डे पडतात. ते थांबवायला हेवी-ड्युटी कूलंटमध्ये अनेकदा नायट्राइट घातलेलं असतं. तुमच्या मुलाच्या गाडीत असे लायनर नाहीत. तिथे हेड, ब्लॉक, रेडिएटर सगळं अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि त्याला नायट्राइटचा फायदा नाही. नायट्राइट नसलेलं, सिलिकेट नसलेलं ओएटी असेल आणि वर सांगितलेलं मानक असेल तर ते चालेल. कारसाठीच्या कूलंटलाही हाच नियम.

आणखी एक. ड्रम उघडा राहिलेला, अर्धा वापरलेला असेल, त्यात फवारणीच्या बादलीने पाणी पडलं असेल, तर ट्रॅक्टरलाही विचार करूनच वापरा.

प्रश्न : आमच्याकडे महापालिकेचं पाणी गंगापूर धरणाचं, गोड आहे. सोसायटीत बोअरही आहे. आरओ मशीन आहे. यातलं कोणतं कूलंटमध्ये मिसळू? (पाथर्डी फाटा)

यातलं एकही नाही.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच सिलिंडर हेडच्या सर्वांत गरम भागावर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला बसतो. फॉस्फेटवालं कूलंट असेल तर कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ वेगळाच. नळाचं पाणी चवीला गोड असलं तरी त्यात क्लोरीन मारलेलं असतं, आणि क्लोराइडमुळे अ‍ॅल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. रेडिएटरची नळी जेमतेम कागदाच्या काही पानांइतक्या जाडीची. तिला आरपार व्हायला फार वेळ लागत नाही. आरओचं पाणी बरं, पण घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार राखलेले असतात. टीडीएस मीटर लावून पाहा, ३० ते १०० च्या दरम्यान काहीतरी दिसेल.

डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या, म्हणजे बॅटरीत, इन्व्हर्टरमध्ये टाकतात ते. सीलबंद पाच लिटरचा कॅन घ्या. मीटरवर १० च्या खाली आकडा आला पाहिजे. सुटं 'बॅटरीचं पाणी' घेताना दुकानदाराने बॅटरीचं अ‍ॅसिड तर दिलं नाही ना, याची खात्री करा. दोन्हीचे कॅन सारखेच दिसतात. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी फुकट आणि मऊ असतं हे खरं, पण ते कॉइलवरची धूळ आणि जंतू घेऊन येतं.

हे सगळं नको असेल तर रेडी-टू-यूज कूलंट घ्या. त्यात पाणी मिसळलेलंच असतं. महाग पडतं, पण वर्षा-दोन वर्षांतून लिटर-दीड लिटर लागतं. तिथे कंजुषी कशाला?

प्रश्न : घरीच फ्लश करायचा आहे. पायऱ्या नीट सांगा. काही जण टॉयलेट क्लीनर किंवा धुण्याचा सोडा टाकायला सांगतात, ते चालेल का? (गंगापूर रोड)

शेवटचं आधी. टॉयलेट क्लीनर म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, ते अ‍ॅल्युमिनियम खातं. धुण्याचा सोडा तीव्र अल्कली, तोही खातो. दोन्हींनंतर निघणारं पाणी गढूळ दिसतं आणि माणसाला वाटतं की घाण निघाली. निघालेली असते ती रेडिएटरची धातू. जुनं कूलंट स्वच्छ, रंगीत आणि पारदर्शक असेल तर साध्या डिस्टिल्ड पाण्याने काम होतं. तपकिरी, गाळ असलेलं किंवा जेलसारखं असेल तरच अ‍ॅल्युमिनियमसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला रेडिएटर फ्लश आणा, डब्यावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका, आणि नंतर एक फेरी जास्त धुवा. तरंगणारा तेलकट तवंग दिसला तर फ्लश थांबवा; आधी गॅसकेट तपासून घ्या.

सामान जमवा : गाडीच्या क्षमतेच्या चारपट डिस्टिल्ड पाणी, कूलंट, ड्रेन बोल्टचं नवं वायसर, पसरट टब, मापाचं भांडं, फनेल, जुनी फडकी. १५० ते ४०० सीसीच्या गाड्यांत साधारण अर्धा ते दीड लिटर कूलंट मावतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे आणि तो तुम्हाला लागणारच आहे.

गाडी पूर्ण थंड हवी. रात्री उभी केलेली गाडी सकाळी घ्या. सपाट जागी सरळ उभी करा, शक्यतो पॅडॉक स्टँडवर. फेअरिंग काढावं लागेल तर स्क्रू कुठला कुठे होता ते फोटो काढून ठेवा. वॉटर पंपाच्या कव्हरवर, खालच्या बाजूला, ड्रेन बोल्ट असतो. बहुतेक गाड्यांत तो ६ मिमीचा असून त्याला ८ किंवा १० नंबरचा पाना लागतो. कव्हरवर आणखीही तसेच बोल्ट असतात. तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं वायसर ज्याला आहे तोच ड्रेन. खाली टब ठेवा, बोल्ट काढा, मग रेडिएटरचं झाकण उघडा. झाकण उघडताच धार जोरात येते आणि थेट बुटावर पडते, म्हणून टब दोन वीत पुढे ठेवा. रिझर्व्ह बाटलीही वेगळी रिकामी करा. हे काम बहुतेक जण विसरतात आणि जुना गाळ तिथून परत रेडिएटरमध्ये ओढला जातो.

निघालेलं कूलंट मापाने मोजा आणि आकडा लिहून ठेवा.

आता बोल्ट हलका लावून डिस्टिल्ड पाणी भरा, झाकण लावा, इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडायला लागतो; तो उघडेपर्यंत पाणी फक्त इंजिनात फिरतं आणि रेडिएटर धुतलाच जात नाही. म्हणून फॅन एकदा लागेपर्यंत गाडी चालू ठेवा. मग बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पाणी काढा. घाईत गरम इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकू शकतं. निघणारं पाणी पाण्यासारखं दिसेपर्यंत हे करायचं. दोन किंवा तीन फेऱ्या पुरतात.

खरी गडबड होते ती यानंतर. ड्रेन केलं तरी सगळं पाणी बाहेर येत नाही. सिलिंडरभोवती आणि पाइपांच्या वळणांत काही राहतंच. समजा गाडीची क्षमता १.२ लिटर आहे आणि पहिल्या वेळी ९०० मिली निघालं. म्हणजे ३०० मिली आत राहतं, आणि फ्लशनंतर ते ३०० मिली निव्वळ पाणी असतं. वरून ५०:५० चं रेडी-टू-यूज ९०० मिली भरलं तर ग्लायकॉल झालं ४५० मिली, एकूण १,२०० मध्ये. म्हणजे साडेसदतीस टक्के. डब्यावर पन्नास लिहिलंय, गाडीत पन्नास नाही.

यावर दोन उपाय आहेत. कॉन्सन्ट्रेट असेल तर आधी क्षमतेच्या निम्मं, म्हणजे ६०० मिली कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा, ३०० मिली, डिस्टिल्ड पाण्याने भरा. आतलं ३०० मिळून हिशेब बरोबर जुळतो. रेडी-टू-यूज असेल तर शेवटची फेरी पाण्याऐवजी त्याच कूलंटने करा आणि ते काढून टाकून पुन्हा भरा. त्यात लिटरभर कूलंट वाया जातं, म्हणून आमचं मत कॉन्सन्ट्रेटच्या बाजूने.

नाशिकच्या हवेत साडेसदतीस टक्क्यांनी लगेच काही बिघडत नाही. निफाडला थंडीत पारा शून्याजवळ गेला तरी ते गोठणार नाही. पण गंजरोधक त्याच प्रमाणात पातळ झालेले असतात, आणि लेह-लडाखला हिवाळ्यात जायचं असेल तर पन्नास टक्केच हवं. ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. तीस टक्क्यांच्या खाली कधीच जाऊ नका.

भरताना घाई नको. नवं वायसर, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने. ६ मिमीच्या बोल्टला तो १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा जोर, दंडाचा नव्हे. कव्हरचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, गेले की कव्हरच बदलावं लागतं. कूलंट बारीक धारेने ओता. एअर ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पाइप हाताने दाबत राहा. झाकण उघडं ठेवून इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा, मधूनमधून हलकी रेस द्या; पातळी खाली जाईल, भरत राहा. गाडी डावी-उजवीकडे थोडी झुकवली की अडकलेली हवा सुटते. मग झाकण लावा, रिझर्व्ह बाटली दोन खुणांच्या मध्ये भरा, फॅन लागेपर्यंत चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, दोन्ही पातळ्या पुन्हा बघा. सांडलेलं कूलंट टायरवर आणि ब्रेकच्या डिस्कवर राहू देऊ नका, ते निसरडं असतं.

प्रश्न : गॅरेजमध्ये कूलंट बदलल्यापासून गाडी तापते. सिन्नर हायवेला ठीक चालते, पण द्वारकेच्या सिग्नलला तापमानाच्या काड्या वर जातात. कूलंट भेसळीचं असेल का? (नाशिक रोड)

कूलंटवर संशय सर्वांत शेवटी घ्या. गाडी पळताना थंड राहते आणि उभी राहिल्यावर तापते, म्हणजे वारा मिळाला की रेडिएटर आपलं काम करतो. तेव्हा आधी फॅन बघा. फॅन बहुतेक गाड्यांत १०० अंशांच्या आसपास सुरू होतो. काम करताना त्याच्या वायरचा कपलर निघाला आणि लावायचा राहिला, ही फ्लशनंतरची नेहमीची चूक. कपलर, मग फ्यूज, मग रिले, याच क्रमाने तपासा. फॅन सुरू होतो पण उशिरा होत असेल तर आत हवा अडकली आहे : तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडण्याऐवजी हवेच्या फुग्यात असेल तर तो चुकीचं सांगतो. थंड इंजिनावर झाकण उघडून पातळी पाहा. रिझर्व्ह बाटली भरलेली असूनही रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला नसतो, हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

रेडिएटर बाहेरूनही बघा. मातीचा थर बसला असेल तर इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या पाइपाच्या हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरची प्रेशरची नळी जवळून लावली की पट्ट्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

गाडी पळतानाही तापत असती तर आम्ही थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि तुंबलेल्या नळ्या यांच्याकडे बोट दाखवलं असतं.

प्रश्न : माझी १०० सीसीची गाडी आहे. सर्व्हिसिंगच्या बिलात 'कूलंट टॉप-अप' लावलंय. (ओझर)

पैसे परत मागा. स्प्लेंडर, शाइन यांसारख्या गाड्या हवेवर थंड होतात, त्यांना रेडिएटरच नाही. पल्सर २२० सारख्या काही गाड्यांना पुढे रेडिएटरसारखं दिसणारं काहीतरी असतं, पण तो ऑइल कूलर. त्यात इंजिन ऑइलच फिरतं. कूलंट लागतं ते आर१५, ड्यूक, डॉमिनार, एनएस२००, हिमालयन ४५० अशा लिक्विड-कूल्ड गाड्यांना. साधी ओळख : कूलंटची गाडी असेल तर दोन खुणांची अर्धपारदर्शक बाटली कुठेतरी असतेच.

प्रश्न : बाटलीतली पातळी दर महिन्याला खाली जाते. खाली जमिनीवर एक थेंब दिसत नाही. जातं कुठे? (देवळाली कॅम्प)

गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीवर येण्याआधी वाळतो. मागे पांढरा, हिरवा किंवा गुलाबी डाग राहतो. तो शोधा. पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि खडीने पडलेल्या खुणा बघा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, ते बुजलेलं नाही ना तेही बघा. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून कूलंट आलं तर मेकॅनिकल सील गेलं, ऑइल आलं तर ऑइल सील गेलं. तिथे एम-सील लावणारे मेकॅनिक आहेत. लावलं की तेच पाणी आत वाट शोधतं आणि ऑइलमध्ये उतरतं.

काहीच सापडलं नाही तर रेडिएटरचं झाकण बदला. हे सगळ्यांत दुर्लक्षित पार्ट आहे. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक सिस्टीममध्ये दाब धरून ठेवतो. त्यावर बहुतेकदा १.१ लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे १.१ बार. इंजिन थंड झालं की दुसरा उघडतो आणि बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढू देतो. पहिला सैल झाला की कूलंट बाटलीत ढकललं जातं आणि तिच्या ओव्हरफ्लो नळीतून रस्त्यावर सांडतं. दुसरा अडकला की बाटली भरलेली राहते, रेडिएटर रिकामा होत जातो आणि थंड झालेला वरचा पाइप चपटा दिसतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. निम्म्या ग्लायकॉलने उकळबिंदू आठ-दहा अंशांनी वर जातो. चांगल्या झाकणाने वीसहून जास्त. महागड्या कूलंटवर खर्च करून जुनंच झाकण ठेवणाऱ्यांनी हा हिशेब बघावा. नवं झाकण घेताना दाबाचा आकडा तोच घ्या, जास्त दाबाचं लावून पाइप फोडू नका.

झाकण बदलूनही पातळी उतरत राहिली, गरम झाल्यावरही एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, किंवा झाकण उघडून थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेट. ऑइलच्या खिडकीत दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर गाडी चालवूच नका. मात्र थंडीत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाला आतून थोडा पांढरट फेस येतो, तो दमटपणाचा असतो, घाबरू नका. गळती थांबवणारी पावडर मात्र रेडिएटरमध्ये टाकू नका. ती भोक बुजवते, आणि बारीक नळ्याही.

प्रश्न : कसारा घाटात गाडी तापली, जवळ कूलंट नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली तर? (इगतपुरी)

ओता, पण थांबून. इंजिन बंद करा, सावलीत उभी करा, किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. गरम असताना झाकण उघडलं तर दाब सुटतो आणि शंभराच्या वर तापलेलं कूलंट त्या क्षणी उकळून तोंडावर उसळतं. पाइप हाताने दाबून पाहा. ताठ लागला तर अजून दाब आहे. इंजिनावर बाहेरून पाणी मारू नका. भरून निघालात की हळू चालवा आणि त्याच आठवड्यात पूर्ण बदलून घ्या. पातळी एवढी उतरली कशी हे शोधल्याशिवाय पुन्हा घाट चढू नका.

प्रश्न : मुलाने अंगणात कूलंट काढलं आणि नळीने धुऊन गटारात सोडलं. आमच्याकडे मांजरं येतात. काही धोका? (पंचवटी)

ताई, धोका आहे. एथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. मांजराला चमचाभरही जीवघेणं ठरू शकतं, कुत्र्याला थोडं जास्त लागतं, आणि लहान मूलही गोड म्हणून तोंडाला लावतं. पोटात गेल्यावर सुरुवातीला फक्त झिंगल्यासारखं दिसतं, मग मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, डबा बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जायचं. प्राणी असेल तर पशुवैद्याकडे.

अंगणात खड्ड्यांत साचलं असेल तर तिथे माती किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या आणि उचला. पंचवटीतली गटारं वाघाडी नाल्याला आणि पुढे गोदावरीला मिळतात, तेव्हा पुढच्या वेळी जुनं कूलंट आणि पहिल्या फेरीचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर 'विष' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला विचारून त्यांच्याकडे द्या. ऑइलच्या कॅनमध्ये मिसळू नका, मग ते दोन्ही घेत नाहीत. शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

प्रश्न : जास्त थंडावा मिळेल म्हणून पाणी न मिसळता नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं. गाडी उलट जास्त तापते. आता पुन्हा सगळा फ्लश करावा लागेल का? (सातपूर)

फ्लश नको. उष्णता वाहून नेतं ते मुख्यतः पाणी. ग्लायकॉलची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या जेमतेम सहा दशांश आहे आणि ते घट्टही असतं, त्यामुळे पंपाला ढकलायला जड जातं. गंमत म्हणजे निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, पाणी मिसळलेलं त्याहून कितीतरी खाली.

आत फ्लशचं पाणी उरलेलं नसेल, सगळं कॉन्सन्ट्रेटच असेल, तर थंड इंजिनावर ड्रेन बोल्टमधून क्षमतेच्या निम्मं कूलंट मोजून काढा, १.२ लिटरची गाडी असेल तर ६०० मिली. तेवढंच डिस्टिल्ड पाणी भरा, वर सांगितल्याप्रमाणे हवा काढा, रिझर्व्ह बाटलीतलंही निम्मं बदला. काढलेलं ६०० मिली कॉन्सन्ट्रेट स्वच्छ कॅनमध्ये ठेवा, समान पाणी घातलं की टॉप-अपला वर्षभर पुरेल.